आईच्या कमरेचा एमआरआय सांगितलाय, ती घाबरलीय. आत नेमकं काय होतं?

दुखतबिखत काही नाही, हे आईंना आधी सांगा. एक्स-रेसारखे किरणही यात नसतात. आंब्याच्या पेट्या उचलून उचलून माझी कंबर धरली, तेव्हा देवगडहून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला गेलो होतो. खरं सांगतो, मशीनपेक्षा घाटानेच जास्त छळलं.

नाव-वय विचारून आत घेतील असं वाटलेलं. टेक्निशियनने विचारलं, "कधी वेल्डिंग, ग्राइंडिंग केलंय?" तरुणपणी बोटींच्या वर्कशॉपात होतो, डोळ्यात कणही गेलेला. झालं! आधी डोळ्यांचा एक्स-रे, तो स्वच्छ निघाला तेव्हा स्कॅन. चिडलो होतो, पण त्याचंच बरोबर होतं. हे मशीन म्हणजे एक मोठं चुंबकच, बहुधा दीड नाहीतर तीन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), आणि मशीन गप्प असलं तरी ते चालूच असतं. डोळ्यात रुतलेला लोखंडी कण हलला तर नजर जाऊ शकते. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला.

म्हणून पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, हाडातली पट्टी, काहीही असेल तर त्यांनी विचारायच्या आधी सांगा, ऑपरेशनचे कागद न्या. मंगळसूत्र, जोडवी घरीच ठेवा. आमच्या मामींनी सगळं उतरवलं आणि अबोलीच्या वळेसाराचा, म्हणजे गजऱ्याचा, केसातला आकडा तेवढा विसरल्या!

आवाज मात्र जबर. चिरेखाणीत मशीन लागल्यासारखा. आतल्या कॉइलमधला प्रवाह झपाझप बदलतो, त्या थरथरतात, त्याचा तो ठणठणाट. कानात बोळे देतात. मध्येच आवाज थांबतो. संपलं समजून उठायचं नाही, हललं की चित्र बिघडतं. खोकला असेल तर आधी सांगा. वीस मिनिटं ते पाऊण तास जातो, एसीचा गारठा असतो, चादर मागून घ्या. हातात रबरी फुगा देतात, घाबरलं की दाबायचा. आणि मशीनच्या बोगद्याचं म्हणाल तर खरा बोगदा आपल्या कोकण रेल्वेचा, करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. हा जेमतेम माणसाएवढा, दोन्हीकडून उघडा.

चित्र उठून दिसावं म्हणून काहींना औषधाचं इंजेक्शन देतात, कमरेच्या एमआरआयला ते बहुतेक वेळा लागत नाही. लागलंच आणि किडनीचा त्रास असेल तर तो सांगायचा. उपाशी यायला सांगितलं नसेल तर पेज जेवून जा.

जुने एक्स-रे, रिपोर्ट आठवणीने न्या. मी विसरलो आणि पुन्हा घाट चढलो.