शास्त्रज्ञ सोडून सचिव का?

प्रश्न : मी वनविभागातून निवृत्त झालो असून नागपुरात प्रतापनगर भागात राहतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशात १८०४ साली गेलेल्या लुईस-क्लार्क मोहिमेविषयी नुकतेच वाचले. वनस्पती, प्राणी, नद्या आणि तेथील लोक यांची नोंद करणे हे या मोहिमेचे मोठे काम होते. असे असताना राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी एखाद्या शास्त्रज्ञाऐवजी आपल्या खासगी सचिवाला नेता नेमले, हा वशिला नव्हे काय? आणि एका मोहिमेला दोन नेते कशासाठी?

उत्तर : ओळख होती, हे आधीच मान्य करतो. मेरिवेदर लुईस यांचे घराणे व्हर्जिनियात जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या निवासापासून काही मैलांवर राहत असे, आणि फेब्रुवारी १८०१ मध्ये जेफरसन यांनी त्यांना सचिवपदासाठी बोलावले ते पत्र पाठवून, जाहिरात देऊन नव्हे. परंतु त्या पत्रातच बोलावण्याचे कारण दिलेले आहे : लुईस यांना पश्चिमेकडील मुलखाची आणि सैन्याची माहिती होती. सव्वीस वर्षांचे लुईस तेव्हा पायदळात कॅप्टन होते आणि आपल्या पलटणीचे पगारवाटप अधिकारी म्हणून त्यांनी सरहद्दीवरील ठाणी पालथी घातली होती. पुढची दोन वर्षे ते राष्ट्राध्यक्षांच्याच निवासात राहिले. इतका काळ रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाची निवड ओळखीतून झाली असे म्हणता येईल, पण पारखून झाली नाही असे म्हणता येणार नाही.

शास्त्रज्ञ पाठवण्याचा प्रयत्न जेफरसन यांनी आधी करून पाहिला होता, हेही लक्षात घ्यावे. १७९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने वर्गणी जमवून आंद्रे मिशो या नामवंत फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला पॅसिफिकपर्यंत धाडण्याचे ठरवले. विशीही न गाठलेल्या लुईस यांनी त्याच वेळी आपल्याला पाठवावे म्हणून जेफरसन यांच्याकडे आग्रह धरला होता, पण निवड मिशो यांचीच झाली. मिशो हे फ्रेंच राजदूताच्या राजकीय खटपटीत गुंतले आणि ती मोहीम केंटकीच्या पुढे सरकली नाही.

दहा वर्षांनंतर, फेब्रुवारी १८०३ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन स्मिथ बार्टन यांना लिहिलेल्या पत्रात जेफरसन यांनी आपला निकष उघड मांडला आहे. वनस्पती, खनिजे, निसर्गविज्ञान आणि खगोलशास्त्र यांत पारंगत असून शिवाय शरीराने काटक, स्वभावाने खंबीर, सावध, रानात राहण्याला सरावलेला आणि मूळ रहिवाशांच्या रीतिभाती जाणणारा असा एकच माणूस आपल्याला मिळणे शक्य नाही. यांपैकी नंतरचे सर्व गुण कॅप्टन लुईस यांच्यात आहेत, असा त्या पत्राचा आशय आहे. आपण आयुष्यभर जंगलात काम केले आहे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव एखाद्याला महिन्याभरात शिकवता येते, पण रात्रीच्या गस्तीत डोके शांत ठेवणे शिकवता येत नाही, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. जेफरसन यांनी नेमका हाच हिशेब केला. जे शिकवून येणार नाही ते ज्याच्यापाशी आहे असा माणूस त्यांनी निवडला आणि उरलेले शिकवण्याची व्यवस्था केली. १८०३ च्या वसंतात लुईस यांनी लँकेस्टरला अँड्र्यू एलिकॉट यांच्याकडे ताऱ्यांवरून अक्षांश-रेखांश काढण्याचे शिक्षण घेतले. फिलाडेल्फियात खुद्द बार्टन यांच्याकडे वनस्पतींचे नमुने जतन करण्याचे, तर डॉ. बेंजामिन रश यांच्याकडे आजार ओळखण्याचे धडे घेतले. औषधी वनस्पतींची जाण त्यांना घरूनच होती, कारण त्यांच्या आई झाडपाल्याच्या औषधांसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या.

उणिवेकडे डोळेझाक झाली होती असेही नाही. मोहिमेच्या सूचनांचा मसुदा वाचून महान्यायवादी लेवी लिंकन यांनी एप्रिलमध्ये इशारा दिला की, अडचण आल्यास लुईस लवकर माघार घेण्यापेक्षा अतिधाडसाने पुढे घुसण्याचाच धोका अधिक आहे. २० जून १८०३ च्या अंतिम सूचनापत्रात त्याचे उत्तर सापडते. दल नष्ट झाले तर गोळा केलेली माहितीही जाईल, म्हणून मोठ्या बळासमोर परत फिरावे, असे त्यात बजावले आहे. आणि नेत्याच्या मृत्यूनंतर दलात गोंधळ माजू नये म्हणून आपला उत्तराधिकारी लेखी नेमण्याचा अधिकारही त्यात लुईस यांना दिला आहे.

यातूनच आपला दुसरा प्रश्न येतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही शंका नागपूरकरास यावी यात नवल नाही. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या रणात दुसरे रघूजी भोसले आणि दौलतराव शिंदे यांच्या फौजा एकत्र उभ्या असूनही पराभूत झाल्या होत्या. लुईस यांनी मात्र दुसरी तलवार स्वतः मागितली. १९ जूनला त्यांनी विल्यम क्लार्क यांना पत्र लिहून बरोबरीच्या अधिकाराने येण्याचे निमंत्रण दिले. क्लार्क वयाने चार वर्षांनी मोठे होते, आणि १७९५ च्या सुमारास लुईस काही महिने त्यांच्याच हाताखालच्या कंपनीत होते. पूर्वीच्या वरिष्ठाला समान पदावर बोलावणे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठ्या मनाची गोष्ट वाटते. उत्तर लवकर येईना, तेव्हा पिट्सबर्गमध्ये लेफ्टनंट मोझेस हूक यांना पर्यायी म्हणून तयार ठेवले गेले. पण जुलैअखेर क्लार्क यांचा होकार पोहोचला. माणसे निवडतानाही क्लार्क यांची नजर पक्की होती. केंटकीतील बड्या घरांतील काही तरुणांनी अर्ज केले, तेव्हा त्यांना अंगमेहनतीची सवय नाही म्हणून आपण त्यांना उत्तेजन देत नाही, असे त्यांनी लुईस यांना कळवले. क्लार्क यांच्यासोबत गेलेला यॉर्क मात्र त्यांचा गुलाम होता. त्याची इच्छा विचारली गेली नाही, हे सांगितल्याशिवाय निवडीची ही हकीकत प्रामाणिक होणार नाही.

समान पदाचे वचन सरकारने पाळले नाही. १८०४ च्या वसंतात युद्धखात्याकडून क्लार्क यांना कॅप्टनऐवजी तोफखान्यातील सेकंड लेफ्टनंटची सनद आली. लुईस यांनी ही गोष्ट दलात कुणालाही न सांगण्याचे ठरवले, आणि जवळजवळ अडीच वर्षे सारे जण दोघांनाही कॅप्टनच म्हणत राहिले. परतल्यावर जमिनीचे इनाम ठरताना लुईस यांनी समान वाट्याचा आग्रह धरला आणि दोघांनाही १,६०० एकर मिळाले. क्लार्क यांना कागदोपत्री कॅप्टन हे पद २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी मरणोत्तर दिले.

दोन नेत्यांचा उपयोग ऑगस्ट १८०६ मध्ये कसाला लागला. परतीच्या वाटेवर शिकारीत आपल्याच सहकाऱ्याची गोळी लागून लुईस जखमी झाले. दुसऱ्याच दिवशी, १२ ऑगस्टला, वेगळ्या वाटेने आलेल्या क्लार्क यांची भेट झाली आणि दलाची सूत्रे व रोजनिशी क्लार्क यांनी सांभाळली. २३ सप्टेंबरला ते सेंट लुईसला पोहोचले.

खालच्या पदाची एक निवड तर मतदानाने झाली. २० ऑगस्ट १८०४ रोजी सार्जंट चार्ल्स फ्लॉइड आजाराने वारले. दोन दिवसांनी कॅप्टनद्वयांनी शिपायांनाच नाव सुचवण्यास सांगितले. पॅट्रिक गॅस यांना १९ मते पडली. गॅस हे कसलेले सुतार होते, आणि पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत दल ज्या लाकडी किल्ल्यांत राहिले, त्यांच्या बांधकामात त्यांचा हात होता.