उतारावर न्यूट्रल करू की गिअरमध्येच ठेवू?

प्रश्न : काका, आम्ही कासारवडवलीला राहतो, माझं ऑफिस ऐरोलीला. गाडी पेट्रोल, १२०० सीसी, मॅन्युअल, चार वर्षं जुनी. अ‍ॅव्हरेज जेमतेम १२ पडतं. सासरे म्हणतात, उतार लागला की न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. त्यांनी वीस वर्षं फियाट चालवली, म्हणून मी निमूटपणे ऐकते. पण फरक काही पडत नाही. चुकतंय कुठे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सासरे बरोबर आहेत, पण त्यांच्या फियाटपुरते. तिला कार्बोरेटर होता. पाय काढला तरी इंजिन फिरतंय तोवर थोडंफार पेट्रोल ओढलं जायचंच, म्हणून न्यूट्रल परवडायचं. तुमच्या गाडीला इंजेक्टर आहेत, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारे नळ. गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचललात, की पेट्रोल बंदच होतं. चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा हजार-बाराशेपर्यंत उतरला की पेट्रोल पुन्हा सुरू. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर फिरतं, म्हणजे प्यायचं ते पितंच.

आता खरं ते सांगतो : सौम्य उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये लांबवर घरंगळते, तेवढ्यापुरता हिशोब बरोबरीत सुटतो. पण पुढे ब्रेक मारावाच लागणार असेल तर न्यूट्रलमध्ये कमाई शून्य. आणि गायमुखच्या घाटात तर सासऱ्यांनाही करू देऊ नका. १९८६ साली मी हा शहाणपणा फियाट घेऊन बोरघाटात केला होता. खोपोलीत उतरलो तेव्हा ब्रेकच्या ड्रममधून जळक्या लायनरचा वास येत होता आणि पेडल पाण्यात पाय घातल्यासारखं खाली जात होतं. बायको पुढे दोन दिवस बोलली नाही.

तुमचं पेट्रोल उतारावर जात नाहीये, ते जातंय कापूरबावडी ते विटाव्याच्या कोंडीत. तिथे गाडी कशी चालवता आठवा. पुढचा चार हात सरकला की तुम्ही हाफ क्लचवर चार हात सरकता, मग ब्रेक. दर वेळी टनभराच्या आसपासचं धूड शून्यातून ढकलायचं आणि मिळवलेला वेग ब्रेकच्या पॅडवर उधळायचा. त्यापेक्षा पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिला टाकून क्लच पूर्ण सोडा आणि रेस न देता गाडी आपसूक चालू द्या. मध्ये एखादी रिक्षा घुसेल. घुसू दे, ती पुढच्या फटीत जाईलच.

छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं. रोजची चाळीस मिनिटं अशी गेली तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत दहा लिटरच्या घरात. म्हणून जिथे मिनिटभर हलायची आशा नाही तिथे बंद करा. एसी लावलेला असेल तर मे महिन्यात मीही करत नाही, उगाच उपदेश कशाला.

मोकळ्या रस्त्यावर, म्हणजे पाटलीपाडा-मानपाड्याच्या उड्डाणपुलांवर, दोन हजारच्या आसपास गिअर वर न्या. चढावर टॉपमध्ये गाडी धडधडायला लागली तर मात्र मुकाट्याने एक खाली. कण्हणाऱ्या इंजिनाला पेट्रोल जास्तच द्यावं लागतं. पुढे लाल दिवा दिसला की लांबूनच पाय उचला, गिअर राहू द्या, क्लच अगदी शेवटी.

अ‍ॅव्हरेज डॅशबोर्डवरून सांगितलंत का? तो आकडा बाजूला ठेवा. एकाच पंपावर पहिल्या कटला (नोझल आपोआप पहिल्यांदा बंद होईल तिथे) टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य. तीन-चारशे किलोमीटरनंतर तिथेच पुन्हा पहिल्या कटला फुल. किलोमीटर भागिले लिटर. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, पंपावरचा पोरगा सांगतो तो नव्हे.

एवढं करूनही १२च राहिलं तर एक बघा. ऑफिसला पोचलात की चारही रिमांजवळ तळहात न्या, हात लावू नका. पुढची दोन थोडी गरम असणारच. पण डाव्या-उजव्यात एकाचीच धग जास्त लागली तर तिथला ब्रेक चिकटतोय. तेवढंच चाक उघडायला सांगा, क्लचप्लेट बदलायचं बिल कुणी पुढे केलं तर आधी कारण विचारा.