'सौनिक'ला 'नामबंधू' म्हणावं का?

उत्तर कॅनडातल्या इनुइट कुटुंबांवरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करताना एका वाचकाला दोन प्रश्न पडले. लेखातली आई आपल्या तान्ह्या मुलीला 'अताता', म्हणजे 'बाबा', अशी हाक मारते. हे नुसतं लाडाचं बोलणं समजायचं का? आणि एकाच नावाच्या माणसांना इनुइट लोक परस्परांचे 'सौनिक' म्हणतात, त्या शब्दासाठी 'नामबंधू' चालेल का?

माझ्या मते 'नामबंधू' नको. आपल्याकडे दोघांचं नाव योगायोगानं एक असलं की ते नामबंधू. सौनिकचा मूळ अर्थ 'हाड'. माणूस गेला की त्याचं नाव नव्या बाळाला देतात, आणि नावासोबत त्याची नातीही बाळाकडे येतात. इनुइट नावांना स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. त्यामुळे आईच्या वडिलांचं नाव मुलीला मिळालं, तर आईसाठी ती खरोखरच 'अताता' होते. तिथे 'बाळा', 'सोन्या' घालू नका, 'बाबा'च ठेवा. आजोबांचं नाव आपणही नातवाला ठेवतो, पण तो नातूच राहतो. तिथे आजी त्याला 'नवरा' म्हणू शकते. अशा मुलावर ओरडणं म्हणजे वडीलधाऱ्यावर ओरडणं, म्हणून मोठी माणसं ते टाळत.

आता हे नातं जगण्याशी कसं जोडलेलं होतं तेही पाहा, नाहीतर भाषांतर हळवं होईल. हिवाळ्यात समुद्र गोठला की बर्फाखालचा सील श्वास घ्यायला एका भोकाशी येतो. पण एकेक सील अशी कितीतरी भोकं राखून असतो. एकटा शिकारी तासन्‌तास एकाच भोकाशी निश्चल उभा राहिला, तरी सील दुसरीकडेच वर येणार. म्हणून बरीच भोकं अडवायला बरेच शिकारी लागत आणि सख्खी नसलेली घरंही एका वस्तीत राहत. नेट्सिलिक इनुइटांमध्ये तर सीलचे ठरलेले भाग ठरलेल्या जोडीदारांना जात. हे जोडीदार आई मुलाच्या लहानपणीच ठरवत असे, आणि पुढे ते एकमेकांना त्या भागाच्याच नावानं हाक मारत. सख्ख्या नात्यापलीकडे हक्काची माणसं जोडायची ही एक रीत, आणि नावामुळे लागणारं नातं ही दुसरी.

सरकारी दप्तराला मात्र आडनाव नसलेली ही नावं पेलली नाहीत. 1941 पासून लोकांना क्रमांक कोरलेले बिल्ले दिले गेले, आणि आडनावं नोंदवायची मोहीम 1968 ते 1971 मध्ये झाली. ज्या समाजात नावातच सारा गोतावळा सामावलेला, तिथे माणसाला क्रमांक देणं मला फार क्रूर वाटतं.

'नावाचा वारस' हा शब्दप्रयोग जवळ जातो, पण अर्धाच. एक नाव धारण करणारे जिवंत लोकही परस्परांचे सौनिक असतात. म्हणून 'सौनिक'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा.

लेखात 'अंकल', 'आंट' आलं असेल तर नातं कुठल्या बाजूचं ते शोधा. पूर्व कॅनडातल्या इनुक्टिटुट भाषेत काका 'अक्का', मामा 'अंगाक', आत्या 'अत्साक' आणि मावशी 'अयाक'. ही चारही नाती मराठीत जशीच्या तशी उतरतात. फक्त 'अक्का' तसाच ठेवू नका, मराठी वाचकाला ती थोरली बहीण वाटेल.