श्रद्धा आणि कोसळलेल्या संस्कृतींवरचे सिनेमे कॅथलिक माणूस कसे बघतो?

तुम्ही विचारलंय की 'अपोकॅलिप्टो', 'द मिशन', 'सायलेन्स' असे सिनेमे बघताना कॅथलिक माणूस कुणाच्या बाजूने असतो, आणि पडद्यावर चर्चची नाचक्की झाली की राग येतो का.

मी वसईचा. पाद्री दुष्ट दाखवला म्हणून मला राग येत नाही, तसे होतेच. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय बसलं, ते झाकून कुणाचं भलं होणार? मला खटकतो तो श्रद्धा आणि सत्ता एकाच जहाजातून उतरल्या, म्हणून दोघींचं नशीबही एकच, असं धरून चालणारा सिनेमा. आमच्याकडे तसं घडलं नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यातलीच. किल्ल्यातली चर्चं आज छपराविना उभी आहेत (तिथे सिनेमाची गाणी मात्र झकास चित्रित होतात!). पण किल्ल्याबाहेर गावोगावी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आजही होते, आणि मराठीत होते. राज्य बुडालं, श्रद्धा राहिली.

हे काही वसईचं वैशिष्ट्य नव्हे. ४१० साली रोम लुटलं गेलं तेव्हा लोक म्हणाले, जुने देव सोडले म्हणून हे भोगतोय. त्यावर संत ऑगस्टिन यांनी बारा-तेरा वर्षं खपून उत्तर लिहिलं. देवाचं नगर वेगळं, माणसांचं वेगळं. रोम पडलं म्हणजे देव हरला असं नव्हे. ४३० मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या हिप्पो शहरालाही वँडल टोळ्यांचा वेढा पडलेला होता. मी हे सिनेमे बघतो ते त्यांच्या नजरेने.

'अपोकॅलिप्टो' (२००६) त्या नजरेपुढे टिकत नाही. पाठलाग दमदार आहे, पण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माया लोकांची दक्षिणेकडची मोठी नगरं ओस पडली नवव्या शतकाच्या आसपास, आणि स्पॅनिश आले सोळाव्यात. सिनेमा मधली शतकं गिळतो आणि कुजलेल्या संस्कृतीपुढे शेवटी क्रूस घेतलेली माणसं आणून उभी करतो. पुढचं दाखवत नाही. १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्याने माया पोथ्या जाळल्या. आज जगात त्यांच्या जेमतेम चार उरल्यात. ती होळी आमच्या माणसाने पेटवली, हे आम्हीच आधी सांगायला हवं.

'द मिशन' (१९८६) व्हॅटिकनने १९९५ मध्ये काढलेल्या पंचेचाळीस महत्त्वाच्या सिनेमांच्या यादीत आहे. खुनी मेंडोझा प्रायश्चित्त म्हणून आपलं चिलखत-तलवारींचं गाठोडं ओढत धबधब्याचा कडा चढतो आणि ज्यांना तो गुलाम म्हणून विकायचा त्यांच्यातलाच एक जण दोरी कापतो, तो प्रसंग मी कितीदाही बघेन. पण १७५० च्या माद्रिद तहाने स्पेनने दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानी आदिवासींची गावं पोर्तुगालला दिली, आणि त्यानंतर जी लढाई झाली ती ग्वारानींनी स्वतः लढली. सेपे तियाराजू हा त्यांचा पुढारी १७५६ मध्ये पडला. सिनेमात पुढारपण गोऱ्या पाद्र्यांकडे, ग्वारानी नुसते मागे उभे.

'सायलेन्स' (२०१६) मात्र आमच्या घरचा विषय. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानात दुभाष्याचं काम करत. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं त्यात ते होते. निमित्त काय, तर किनाऱ्यावर फुटलेल्या एका स्पॅनिश जहाजाचा सुकाणूवाला म्हणे फुशारकीने बोलून गेला की आधी आमचे पाद्री येतात, मागून फौज येते. खरंखोटं देव जाणे, पण त्या संशयाची किंमत आमच्या गोन्सालोंनी मोजली.

सिनेमा त्यानंतर जपानात झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा आहे. पोर्तुगीज पाद्री फादर रॉड्रिग्ज शेवटी श्रद्धा सोडल्याची खूण म्हणून येशूच्या प्रतिमेवर पाय देतो, आणि तसं करायला येशूच सांगतो, हे आमच्याकडच्या अनेकांना पचत नाही. मलाही पूर्ण पचत नाही. पण त्यातला किचिजिरो बघा. भित्रा, फितूर. दर वेळी प्रतिमा तुडवतो आणि दर वेळी कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला येऊन बसतो. फादर वैतागतो, तरी माफी नाकारत नाही. माझ्या मते तिन्ही सिनेमांत सगळ्यात कॅथलिक पात्र हेच.

त्यातला अधिकारी म्हणतो, जपान ही दलदल आहे, इथे तुमचं रोप रुजणार नाही. प्रत्यक्षात १८६५ मध्ये नागासाकीजवळच्या उराकामीचे शेतकरी नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये आले आणि फ्रेंच पाद्र्याला हळूच म्हणाले, आमची श्रद्धाही हीच. दोनशेहून जास्त वर्षं ते धर्मगुरूविना होते, आणि त्यांच्या पाठीशी ना पोर्तुगाल ना स्पेन. तिथवर सिनेमा जात नाही, याची मला चुटपुट आहे.

बघणार असाल तर 'द मिशन' आधी बघा. 'सायलेन्स' पावणेतीन तासांचा आहे, सुट्टीच्या दिवशी लावा. 'अपोकॅलिप्टो' लावाल तेव्हा मुलं झोपलेली असू द्या.