डुकराचं जीन एडिटिंग शिकायचंय म्हणते पोरगी, काय करू?

रामराम दादा,

पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, रावेरला केळीचा बाग, पोरीला डुकरांच्या जीन एडिटिंगवर (म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक सूचनांमध्ये मुद्दाम बदल करण्यावर) काम करायचंय आणि आजी म्हणते "एवढं शिकून डुकरं राखशील का?" तुमचा प्रश्न एवढाच की यात पोट भरतं का.

आधी आजीला सांगा की हे डुकरं राखणं नाही. किडनी खराब झाली की दुसरी मिळता मिळत नाही, आणि डुकराचे अवयव साईजला आपल्या जवळपास असतात, पण तसंच बसवलं तर त्याच्या पेशींवरची एक साखर आपलं शरीर ओळखतं आणि तो अवयव काही वेळातच बाद करतं. म्हणून ती साखर बनवणारा जीन क्रिस्परने, म्हणजे जीन कापायच्या तंत्राने, बंद करतात, वर काही माणसाचे जीन टाकतात. 2022 च्या जानेवारीत अमेरिकेत मेरीलँडला असे 10 बदल केलेलं हृदय बसवलं, 2024 च्या मार्चमध्ये बोस्टनला 69 बदल केलेली किडनी. दोन्ही पेशंट साधारण दोन महिन्यांनी गेले, म्हणजे काम अजून बरंच बाकी आहे.

आता रस्ता. लोकांना वाटतं हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, तसं नाही. पेशीत बदल केला की तिच्यापासून क्लोन, म्हणजे हुबेहूब तिच्याच जीनचं, भ्रूण बनवायचं, ते डुकरिणीच्या गर्भाशयात ठेवायचं, मग 114 दिवस वाट बघायची, आणि बरीच भ्रूणं टिकतच नाहीत. म्हणजे लॅबवाला पण लागतो आणि जनावराचा डॉक्टर पण. तुमच्या बागेतली टिश्यू कल्चरची रोपं आठवा, बाटलीत जरा जरी बुरशी गेली तरी सगळा माल वाया, तसाच हा हात लागतो, आणि तो काही पुस्तक वाचून येत नाही.

जनावराला हात लावायची आवड असेल तर नीटची प्रवेश परीक्षा देऊन बीव्हीएससी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री, करा, साडेपाच वर्षं, आपल्याकडे नागपूरच्या माफसू या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची कॉलेजं आहेत. मी असतो तर हेच केलं असतं, कारण संशोधन नाही जमलं तरी गुरांचा डॉक्टर खान्देशात उपाशी राहत नाही. पुढे उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या किंवा हरियाणातल्या कर्नालच्या सरकारी संशोधन संस्थेत अ‍ॅनिमल बायोटेक करता येतं, कर्नालला तर 2009 मध्येच म्हशीचं क्लोन पारडू जन्मलं. लॅबच आवडत असेल तर साधी बीएससी करा, मग जळगावला आपल्याच बहिणाबाई विद्यापीठात लाईफ सायन्सेसची एमएससी आहे. पण इथे पीएचडीशिवाय नीट पगार दिसत नाही, म्हणजे पोरगी अठ्ठावीस-तीसची होईपर्यंत घरात पैसा येईल ही आशा नको. आणि "जेनेटिक इंजिनिअरिंग" अशी चकचकीत पाटी लावून लाखोंची फी घेणारी प्रायव्हेट डिग्री मुळीच नको, तिथल्या दोन पोरी माझ्याकडे येऊन रडून गेल्यात.

एक गोष्ट पोरीला तुम्हीच विचारा, मी विचारली तर ती घाबरून हो म्हणेल. प्रयोगातल्या जनावराला शेवटी बऱ्याचदा मारावं लागतं. नियम कडक आहेत, कमिटीची परवानगी लागते, पण मारावं लागतंच. ते जमेल का? दिवाळीच्या सुट्टीत तिला आठ दिवस जवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारून पाठवा, शेण-रक्त-वास सगळं बघू द्या, मग मला परत लिहा.