जवळ घेतले की मूल दूर का ढकलते?

“मी उचलून घेतले की मुलगी मला ढकलते आणि आजीला मात्र बिलगते. माझी माया तिच्यापर्यंत पोहोचत नाही का?” हे विचारणाऱ्या वडिलांची मुलगी दीड वर्षाची होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नोकरीमुळे दिवसभर बाहेर राहणाऱ्या पालकांकडून ही काळजी मी नेहमी ऐकते, आणि आपण वेळ देत नाही म्हणूनच असे होते, अशी बहुतेकांची आधीच खात्री झालेली असते.

मायेचा स्पर्श कसा आहे हे पाहताना मी मिनिटे मोजत नाही. स्पर्श कोणी सुरू केला, त्या वेळी मूल कशात रमले होते, त्याच्या अंगाने काय उत्तर दिले आणि त्या उत्तरानंतर मोठ्यांचा हात बदलला का, हे पाहते. आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या निरीक्षणांतही, आईला टाळणाऱ्या बाळांना इतरांपेक्षा कमी वेळ कडेवर घेतले गेले होते असे दिसले नाही. त्या घेण्यात हळुवारपणा मात्र कमी होता.

वडिलांनी घरातला एक व्हिडिओ आणला होता. मुलगी डब्यांना झाकणे बसवत असताना त्यांनी मागून येऊन तिला उचलले, हवेत उडवले आणि भराभर पापे घेतले. तिच्या मुठी आवळल्या, खांदे वर चढले, मान दुसरीकडे वळली; हे लाडिक नखरे आहेत असे समजून त्यांनी तिला आणखी घट्ट धरले. थोड्या वेळाने ती आपणहून आजीच्या मांडीत जाऊन बसली, झाकणांचा खेळ पुन्हा सुरू झाला आणि आजीचा तळहात तिच्या पाठीवरून सावकाश फिरत राहिला. त्वचेतील काही मज्जातंतू सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर अशा संथ कुरवाळण्यालाच सर्वाधिक प्रतिसाद देतात, त्यामुळे आजीच्या हाताची ती गती मला फार मोलाची वाटली.

समोरून येऊन खाली बसावे, हाक मारून हात पुढे करावा, ती येईपर्यंत थांबावे आणि तिने अंग सोडवून घेऊ पाहिले की लगेच सोडावे, एवढेच मी सुचवले. उडवण्याचा खेळ बंद करायला सांगितले नाही. तिने हात वर करून मागितला तर तो जरूर खेळावा. घरातील कोणाचाच स्पर्श न सोसणाऱ्या मुलाला मात्र बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

काही आठवड्यांनी ती वडिलांच्या गुडघ्याला धरून उभी राहू लागली. झोप आली की ती अजूनही आजीकडेच जाते, आणि त्यात काळजीचे काही नाही हे आता त्यांनाही पटले आहे.