टेक्सासचा वयपडताळणी कायदा आणि नग्नचित्रांचे संकेतस्थळ

ऑस्टिनमध्ये राहून मानवी देहाची अभ्यासचित्रे विकणाऱ्या तुमच्या संकेतस्थळाला टेक्सासचा वयपडताळणी कायदा लागू होतो का, असे तुम्ही विचारले आहे. डॅलसमध्ये मीही याच विवंचनेतून गेलो आहे. मी वकील नाही, त्यामुळे हे कायदेशीर मत समजू नये.

२०२३चा एचबी ११८१ (टेक्सास विधिमंडळातील विधेयकाचा क्रमांक) हा कायदा, ज्या व्यावसायिक संकेतस्थळावर एक तृतीयांशाहून अधिक साहित्य अल्पवयीनांना अपायकारक ठरेल असे लैंगिक स्वरूपाचे आहे, त्यालाच लागतो. आणि अल्पवयीनांच्या दृष्टीनेही ज्याला गंभीर कलात्मक मूल्य आहे, ते त्या व्याख्येतून वगळले जाते. केवळ नग्नतेमुळे तुमची चित्रे त्यात मोडू नयेत, असे मला वाटते. मात्र हा तिसरा हिस्सा पानांवरून मोजायचा की चित्रांवरून, हे कायदा सांगत नाही.

मला सर्वाधिक मनस्ताप दिला तो ज्या कंपनीच्या सर्व्हरवर माझे संकेतस्थळ होते तिने. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा कायदा वैध ठरवल्यानंतर तिने माझे संपूर्ण चित्रदालन बंद केले. कोणते चित्र, कोणत्या नियमाखाली, कोणी ठरवले, या प्रश्नांना प्रत्येक वेळी तेच साचेबंद उत्तर आले. दिवसाला दहा हजार डॉलरपर्यंतच्या दंडाची धास्ती मी समजू शकतो. पण कायद्याने ज्याला हात लावलेला नाही ते मध्यस्थाच्या भीतीने नाहीसे होते, तेव्हा दाद कोणाकडे मागायची? अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीला बांधत नाही.

मुलांना अश्लील साहित्यापासून दूर ठेवण्यास माझा विरोध नाही. परंतु २००४मध्ये अशाच उद्देशाच्या केंद्रीय कायद्याला याच न्यायालयाने लावलेली कठोर कसोटी (याहून कमी जाचक उपाय नाही, हे सरकारने सिद्ध करण्याची) या वेळी न्या. थॉमस यांच्या बहुमताच्या निकालाने सौम्य केली, आणि प्रौढ वाचकाने ओळखपत्र दाखवण्याचा भार किरकोळ मानला, हे मला मुळीच पटलेले नाही. ओळखीची माहिती साठवू नये असे कायदा म्हणतो खरा, पण ती खरोखर पुसली गेली की नाही हे ग्राहकाने कसे तपासावे?

तुमचे ग्राहक अन्य राज्यांत असतील तर तिथले नियमही पाहा. कॅन्ससमध्ये मर्यादा २५ टक्क्यांची आहे. संकेतस्थळाचे नाव आणि सर्व्हर वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा, आणि वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी कलात्मक नग्नचित्रे चालतील असे कंपनीकडून लेखी घ्या.